लाडके झेपेलिन, कामाचा ब्लिंप

२०१३ साली अमेरिकी लष्कराने आपली एक एअरशिप विकून टाकली. ती बांधण्याचा करार तीन वर्षांपूर्वी झाला होता तो ५१ कोटी ७० लाख डॉलरचा. विक्रीतून हाती आले ३ लाख १ हजार डॉलर. ‘एलईएमव्ही’ हे तिचे सरकारी नाव. वीस हजार फुटांवर सलग एकवीस दिवस राहून तिने अफगाणिस्तानावर नजर ठेवायची होती. प्रत्यक्षात लष्करासाठी ती उडाली एकदाच, ७ ऑगस्ट २०१२ रोजी, न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टच्या तळावरून, सुमारे दीड तास. तिचे वजन ठरल्यापेक्षा साडेपाच टनांनी वाढले होते आणि वायूच्या उचलीवर मदार असलेल्या वाहनाला हा भार पेलणे शक्य नव्हते. हे एकच उदाहरण असते तर एखाद्या कंत्राटाची फसगत म्हणून सोडून देता आले असते. पण अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २००७ पासून सुरू झालेले असे पंधरा लष्करी प्रकल्प निघाले आणि त्यांच्यासाठीची तरतूद जवळजवळ ७०० कोटी डॉलरची होती. त्यातले स्वतःच्या इंजिनावर उडणारे मोठे प्रकल्प एकामागून एक गुंडाळले गेले. अमेरिकी नौदलाने १९६२ मध्ये शेवटचा ब्लिंप उतरवला होता. तेव्हा निकालात निघालेली कल्पना दर पिढीत नव्याने का उभी राहते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर थोडक्यात असे: या वाहनाचे प्रेम खरे आहे, त्याची लष्करी उपयुक्तताही खरी आहे, पण प्रेम जडले ते एका प्रकारावर आणि काम केले ते दुसऱ्याने. पैसा मात्र प्रेमाच्या मागे जात राहिला.

प्रकार समजून घेतले तर पुढचे सोपे जाईल. झेपेलिनच्या आत धातूचा पूर्ण सांगाडा असतो आणि त्यात वायूच्या अनेक वेगवेगळ्या पिशव्या. ब्लिंपला सांगाडा नसतो. आतल्या वायूच्या दाबानेच त्याचा आकार टिकतो आणि वायू काढला की उरते ते कापड. दोरखंडाने जमिनीला बांधलेला, इंजिन नसलेला फुगा म्हणजे एरोस्टॅट. या तिघांत मन गेले ते झेपेलिनवर, आणि ते अगदी सुरुवातीपासून. ५ ऑगस्ट १९०८ रोजी काउंट झेपेलिन यांचे चौथे जहाज एश्टरडिंगनजवळ वादळात सापडून जळाले. वास्तविक हा कारखाना तिथेच बंद पडायचा. पण जर्मन जनतेने आपणहून साठ लाखांहून अधिक मार्क गोळा करून दिले आणि अपघाताचेच भांडवल झाले. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर एअरशिप बांधण्यासाठी खांब ठेवला गेला, तोही याच भारावलेपणातून. शहरी वाऱ्यात तो कधीच कामाला आला नाही. दोनशे-अडीचशे मीटर लांबीची एक चंदेरी वस्तू डोक्यावरून संथपणे सरकते आहे, हे दृश्य पाहणाऱ्याला विचार करायला सवड देत नाही. रणगाड्याचे किंवा पाणबुडीचेही शौकीन असतात, पण त्यांचा हा लळा पुढच्या लष्करी अंदाजपत्रकापर्यंत असा पोचत नाही.

झेपेलिनला युद्धात पहिली संधी मिळाली ती बॉम्बफेकीची. १९ जानेवारी १९१५ च्या रात्री ग्रेट यार्मथ आणि किंग्ज लिनवर बॉम्ब पडले, मे महिनाअखेर लंडनवर. रात्री, शहरांवर, इतक्या उंचीवरून हल्ला ही गोष्ट तेव्हा नवी होती आणि तिची दहशत मोठी होती. पण संपूर्ण युद्धात ब्रिटनवरच्या एअरशिप हल्ल्यांत मेली ती सुमारे साडेपाचशे माणसे. सप्टेंबर १९१६ मध्ये लीफ रॉबिन्सन या वैमानिकाने एक जर्मन एअरशिप कफलीजवळ पाडली. स्फोटक आणि पेटत्या गोळ्या एकत्र वापरायची युक्ती सापडली होती आणि हायड्रोजनने भरलेल्या पोटासमोर तिला तोड नव्हती. जर्मन नौदलाच्या एअरशिप विभागाचे प्रमुख पेटर श्ट्रासर ५ ऑगस्ट १९१८ रोजी अशाच एका जहाजाबरोबर जळून मेले. शौकीन इथे एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही: मेलेल्यांची संख्या मोजू नका, या हल्ल्यांमुळे ब्रिटनला विमाने आणि तोफा फ्रान्सऐवजी घरी ठेवाव्या लागल्या, ते मोजा. हे खरे आहे. मात्र ती कोंडी जर्मनीला स्वस्तात मिळाली नाही. त्यासाठी लागणारी ॲल्युमिनिअमची राशी, प्रचंड हँगर आणि कसलेले खलाशी हा खर्च जर्मनीच्याच माथी होता. शिवाय शेवटच्या दोन वर्षांत हेच काम जर्मनीची गोथा ही बॉम्बफेकी विमाने करू लागली होती.

या गोष्टीच्या मागे एक दुसरी गोष्ट झाकली गेली. फेब्रुवारी १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश नौदलाने पाणबुड्या शोधण्यासाठी लहान एअरशिप मागितली. काही आठवड्यांतच ती तयार झाली: हाताशी असलेला एक फुगा आणि त्याखाली बीई-२सी विमानाचे पंख काढलेले धड, इंजिनासकट टांगलेले. दिसायला हे ध्यान होते. पण अशाच ओबडधोबड, पुढे सुधारत गेलेल्या ब्लिंपांची संख्या युद्ध संपेपर्यंत दोनशेच्या वर गेली, आणि ब्रिटनच्या किनाऱ्यालगत जहाजांच्या तांड्यांवर दिवसेंदिवस घिरट्या घालण्याचे काम त्यांनी केले. त्यांचे महत्त्व पाणबुडीच्या स्वभावात होते. त्या काळातली पाणबुडी खरे तर बुडी मारू शकणारी बोट होती. बहुतेक वेळ ती पाण्यावरून डिझेलवर चालायची. बुडाली की बॅटरीवर, बैलगाडीच्या गतीने आणि तीही काही तासांपुरती. आकाशात ब्लिंप दिसला की तिला बुडावे लागे आणि बुडाली की तांडा तिच्या हातून निसटे. ब्लिंपला पाणबुडी बुडवण्याची गरजच नव्हती, नुसते तिथे असणे पुरे होते. जे घडलेच नाही त्यावर अशा कामाचे यश मोजायचे असते, त्यामुळे त्याची चित्रे निघत नाहीत आणि पोवाडेही रचले जात नाहीत. एअरशिपच्या लष्करी इतिहासातला सर्वांत भक्कम पुरावा असा विस्मरणात गेला.

युद्ध संपताच जेत्यांनी धडा घेतला तो पराभूतांच्या झेपेलिनचा, स्वतःच्या ब्लिंपचा नाही. पुढची पंधरा वर्षे ही अपघातांची मालिका आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये आर-३८ ही ब्रिटिश बनावटीची एअरशिप हंबर नदीवर चाचणीत वळताना मधोमध मोडली, ४४ मेले. डिसेंबर १९२३ मध्ये फ्रेंच नौदलाची डिक्समूद सिसिलीजवळच्या वादळात सर्वांसह नाहीशी झाली. सप्टेंबर १९२५ मध्ये अमेरिकेची शेनँडोआ ओहायोवर वाऱ्याच्या तडाख्यात फाटली, १४ मेले. ऑक्टोबर १९३० मध्ये ब्रिटिश सरकारची आर-१०१ फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली. ती कराचीला निघाली होती, जी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिच्यासाठी तिथे भलेमोठे हँगर आणि खांब उभारून ठेवले होते. ५४ पैकी ४८ जण मेले, त्यात हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसनही होते. ४ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकी नौदलाची अ‍ॅक्रन अटलांटिकमध्ये पडली आणि ७६ पैकी ७३ जण गेले. एअरशिपसाठी नौदलात आयुष्यभर भांडलेले रिअर अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेट हे त्यांपैकी एक. तिची जुळी बहीण मेकन १२ फेब्रुवारी १९३५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर बुडाली. तिच्या शेपटीला आधीच इजा झाली होती आणि दुरुस्ती अर्धवट राहिली होती. एका झोताने वरचे सुकाणू उखडून नेले. या वेळी जीवरक्षक जाकिटे आणि रबरी होड्या होत्या म्हणून मृत्यू दोनच.

ही यादी तपशिलाने देण्याचे कारण आहे. एअरशिपच्या चाहत्यांचे सर्वांत लाडके स्पष्टीकरण असे की या वाहनाचा घात हायड्रोजनने आणि हिंडेनबर्गच्या चित्रफितीने केला. ६ मे १९३७ रोजी लेकहर्स्टला हिंडेनबर्ग पेटली, कॅमेऱ्यांसमोर पेटली, आणि भित्र्या जगाने एक उत्तम तंत्रज्ञान टाकून दिले, अशी ही कथा आहे. पण हिंडेनबर्ग हे प्रवासी जहाज होते, त्यावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले, आणि तोवर एकामागून एक नौदले व सरकारे मोठ्या एअरशिप्सपासून दूर झाली होती. मुख्य म्हणजे शेनँडोआ, अ‍ॅक्रन आणि मेकन या तिन्हींत हेलियम होता. हायड्रोजन निर्दोष होता असे नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये अमेरिकी लष्कराची रोमा विजेच्या तारांवर पडून जळाली, ३४ मेले आणि त्यानंतरच अमेरिका हेलियमकडे वळली. आर-१०१ वरचे बहुतेक मृत्यूही आगीचेच. पण या दोन्ही एअरशिप्स आधी पडल्या आणि मग पेटल्या. वायू बदलल्याने अपघातातून जिवंत राहण्याची शक्यता वाढली, अपघात थांबले नाहीत. हेलियमचे नाव निघालेच आहे तर जाता जाता आपल्याकडच्या एका समजुतीविषयी. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध तिथे लागल्याचे अभिमानाने सांगितले जाते. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ अभ्यासणारे नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ च्या ग्रहणाला. आवडत्या गोष्टीला सोयीचा इतिहास जोडून घेण्याची हौस सगळीकडे सारखीच.

वाऱ्यापुढे एवढे मोठे अंग उभे करणे हाच खरा रोग होता. घनमीटरभर हेलियम समुद्रसपाटीला साधारण एक किलो उचलतो. म्हणजे शंभर टन उचलायचे तर लाख घनमीटरचा देह हवा, आणि तेवढ्या देहाला वारा ढकलणार. इंजिने कितीही लावा, वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या फारसा वर जात नाही. समोरून ताशी साठचा वारा आला की निम्मा वेग गेला. हवेत असताना वाऱ्याबरोबर वाहता तरी येते. जमिनीजवळ ती सोय नाही. मे १९३२ मध्ये सॅन दिएगोजवळ अ‍ॅक्रन उतरवताना दोर धरलेले खलाशी तिच्याबरोबर वर खेचले गेले आणि दोघे पडून मेले. ती चित्रफीतही आहे, पण ती हिंडेनबर्गइतकी दाखवली जात नाही.

मेकनविषयी एक गंभीर युक्तिवाद मात्र तपासायला हवा. अ‍ॅक्रन आणि मेकन ही उडती विमानवाहू जहाजे होती. पोटात लहान स्पॅरोहॉक विमाने, ती एका झुल्यावरून हवेत सोडायची आणि परतल्यावर त्याच झुल्यावर अडकवून आत घ्यायची. जुलै १९३४ मध्ये मेकनच्या विमानांनी भर पॅसिफिकमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांची क्रूझर शोधून काढली आणि त्यांच्यासाठी ताजी वर्तमानपत्रे टाकली. अशा दहा एअरशिप्स हवाईभोवती असत्या तर पर्ल हार्बर झाले नसते, असे म्हणणारे आजही भेटतात. या कल्पनेत दम आहे. टेहळणीची मर्यादा शेकडो किलोमीटरने वाढत होती. पण आरमारी सरावांत पंचांनी मेकनला वारंवार ‘पाडली गेली’ असे जाहीर केले होते, आणि मेकन बुडाल्यावर दीड महिन्यातच, २८ मार्च १९३५ रोजी, कॅटालिना या उडत्या बोटीचा नमुना पहिल्यांदा हवेत गेला. तीच टेहळणी हजारो मैलांच्या पल्ल्यात एक कॅटालिना करू शकत होती आणि ती पडली तर जात एकच विमान. एअरशिपने शोधलेले काम दुसऱ्या, स्वस्त साधनाने उचलून नेणे, हा नमुना इथून पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने पुन्हा लहान ब्लिंपाची कास धरली. के वर्गाचे १३४ ब्लिंप बांधले गेले. शहात्तर मीटर लांब, दहाएक माणसे, हेलियम. त्यांनी सोबत केलेल्या ८९ हजार जहाजांपैकी शत्रूने एकही बुडवले नाही, हा आकडा शौकिनांच्या तोंडी असतो आणि तो जपून घ्यायला हवा. १९४२ च्या पूर्वार्धात जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकी किनाऱ्यावर कहर केला तेव्हा हे ब्लिंप हातावर मोजण्याइतके होते. त्यांची संख्या वाढली तोवर तांड्यांची पद्धत सुरू झाली होती, विमाने आली होती आणि पाणबुड्या बऱ्याच अंशी दुसरीकडे वळल्या होत्या. म्हणजे सगळे श्रेय त्यांचे नाही. तरीही त्यांच्या बाजूने एक चांगला दाखला उरतो. जून १९४४ मध्ये ब्लिंपांची एक तुकडी अटलांटिक ओलांडून मोरोक्कोत गेली. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बुडी मारून शिरणाऱ्या पाणबुड्या त्यांच्या चुंबकीय खुणेवरून पकडायच्या होत्या. त्यासाठी पाण्याच्या अगदी लगत उडावे लागते. दिवसा हे काम कॅटालिना करत. रात्री इतक्या खाली विमान नेणे जिवावरचे होते, ते ब्लिंपाने केले. सावकाश आणि खाली राहता येणे हाच इथे गुण ठरला. उलट शत्रूच्या तोफेसमोर गेल्यावर काय होते तेही एकदा दिसले: जुलै १९४३ मध्ये फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत के-७४ ने पृष्ठभागावरच्या पाणबुडीवर चाल केली, बॉम्ब सुटलेच नाहीत आणि ब्लिंप पाडला गेला.

हवामानाच्या माझ्या मुद्द्याला सर्वांत समर्थ उत्तर १९५७ सालचे आहे. त्या जानेवारीत न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर बर्फाच्या वादळांत, विमाने जमिनीवर अडकली असताना, नौदलाच्या झेडपीजी-२ ब्लिंपांनी आळीपाळीने दहा दिवस ठाणे सोडले नाही. मार्चमध्ये त्यांच्यातल्याच ‘स्नो बर्ड’ने इंधन न भरता २६४ तास हवेत काढले, अटलांटिक ओलांडून आफ्रिकेपर्यंत आणि परत. तेव्हा ‘एअरशिप वादळात टिकत नाही’ हे सरसकट विधान चूक आहे. लवचिक, मध्यम आकाराचा, कसलेल्या हातांतला ब्लिंप टिकतो. पण नौदलाने तिथे न थांबता आणखी मोठे, पोटात रडार बसवलेले ब्लिंप बांधले. त्यातला एक जुलै १९६० मध्ये समुद्रात पडून २१ पैकी १८ जण गेले. तोवर धोका बॉम्बफेकी विमानांकडून क्षेपणास्त्रांकडे सरकला होता. १९६१ मध्ये कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय झाला, आणि त्यामागे अपघातापेक्षा हा बदल जास्त होता असे मला वाटते.

आजचे समर्थक म्हणतात की कापड बदलले, हवामानाचा अंदाज सुधारला, माणूस आत बसवण्याची गरज उरली नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण वीस हजार फुटांवर हवेची घनता जवळजवळ निम्मी होते, म्हणजे तेवढ्याच वजनाला दुप्पट आकार लागतो; हा हिशेब कोणत्याही नव्या कापडाने टळत नाही आणि एलईएमव्ही त्यातच अडकली. त्याच सुमारास रीपरसारखे ड्रोन पहारा देऊ लागले होते. त्याहून वर, समतापमंडलात, एअरबसच्या झेफर या सौरऊर्जेवरच्या पंखवाल्या यानाने २०२२ मध्ये ६४ दिवस काढले. झेफर काही किलोंपलीकडे उचलत नाही, हा आक्षेप योग्य आहे आणि एअरशिपला तिथे अजून थोडी जागा आहे. अवजड मालवाहतुकीच्या योजनांवर फार शब्द खर्च करायला नकोत. पन्नास टनांचा रणगाडा उतरवला की एअरशिप पन्नास टनांनी हलकी होते आणि युद्धभूमीवर तेवढे पाणी किंवा वाळू लगेच चढवायला हवी, या एका अडचणीला अजून चांगले उत्तर नाही. जर्मनीतली कार्गोलिफ्टर ही कंपनी हजारो हौशी भागधारकांचे पैसे घेऊन २००२ मध्ये बुडाली. तिचे ३६० मीटर लांबीचे हँगर मात्र उत्तम चालते: आत कृत्रिम समुद्रकिनारा आहे, बर्लिनकर तिकीट काढून पोहायला जातात.

उरतो तो जमिनीला बांधलेला फुगा, ज्याची पोस्टरे कुणी लावत नाही. एअरशिपच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर दोरखंड हे औषध आहे. वीज खालून जाते म्हणून इंधन नको, वाऱ्याशी झुंजायला इंजिन नको, आत माणूस नको, वादळ येताना दिसले की खाली ओढून घ्यायचा. आणि गरज वाढते आहे. सपाट प्रदेशात तीस मीटरच्या खांबावरच्या रडारला जमिनीलगत येणारी वस्तू वीस-बावीस किलोमीटरवरच दिसते. तेच रडार तीन किलोमीटर उंचीवर नेले की क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरवर जाते. क्रूझ क्षेपणास्त्रे आणि खालून येणारे ड्रोन यांच्या काळात हा फरक निर्णायक आहे. म्हणूनच पोलंडने २०२४ मध्ये अमेरिकेकडून ९६ कोटी डॉलरचे एरोस्टॅट रडार घ्यायचा करार केला. हा फुगाही बिनधोक नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेरिलँडमधून अमेरिकी लष्कराच्या जेलेन्स या टेहळणी प्रकल्पाचा एक फुगा तुटून पेनसिल्व्हेनियात भरकटला आणि लोंबत्या तारेने त्याने हजारो घरांची वीज घालवली. त्याच महिन्यात काबूलमध्ये अशाच फुग्याच्या दोरात अडकून ब्रिटिश हेलिकॉप्टर पडले, पाच जण मेले. मे २०२४ मध्ये इस्रायलच्या मोठ्या टेहळणी फुग्याच्या तळावर हिजबुल्लाचा ड्रोन येऊन आदळला. पण हे दोष सांभाळण्याजोगे आहेत: दोरखंडाची देखभाल, उड्डाणबंदीचे क्षेत्र, तळाचे संरक्षण.

भारताचा या कहाणीत दोन ठिकाणी प्रवेश आहे. हवाई दलाने कारगिलनंतर इस्रायलकडून एरोस्टॅट रडार घेतले आणि आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने ‘आकाशदीप’ हा स्वतःचा बांधलेला फुगा तयार केला. त्याच प्रयोगशाळेने ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशात श्योपूरहून समतापमंडलातली एअरशिप सोडली. ती १७ किलोमीटर उंचीवर गेली आणि सुमारे ६२ मिनिटांनी परत मिळवली गेली. पहिल्या चाचणीला हे यश चांगले आहे. बातम्यांचा सूर मात्र जुन्या ओळखीचा होता: आता आकाशात आपला महिनोन्‌महिने पहारा. तिथवर पोचण्यासाठी आधी तिने एका जागी, मोजलेल्या वाऱ्यात, उपयोगी वजन घेऊन काही दिवस टिकून दाखवले पाहिजे, आणि तासाला येणारा तिचा खर्च ड्रोनच्या खर्चाशेजारी मांडला गेला पाहिजे. संशोधनासाठी तिला पैसे जरूर द्यावेत. सीमेवरच्या टेहळणीची तरतूद मात्र तोवर आकाशदीपसारख्या बांधलेल्या फुग्यांसाठी, त्यांच्या दोरखंडांसाठी आणि ते सांभाळणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी राखून ठेवावी.